जांभा केवळ गौण खनिज नव्हे

घराचे जोते, विहिरीचा कठडा आणि आमराईचा गडगा ज्याने बांधला जातो तो तांबूस, सच्छिद्र जांभा रत्नागिरी जिल्ह्याच्या सर्वांगात भिनलेला आहे. मलबारातील अंगाडिपुरम येथे खाणीतून मऊ निघणारा आणि हवा लागताच टणक होणारा हाच दगड पाहून फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास ‘लॅटराइट’ हे नाव दिले. भूशास्त्रज्ञाच्या लेखी जांभा म्हणजे ऊन-पावसाच्या दीर्घ माऱ्याने सिलिका धुऊन गेल्यावर उरलेला लोह आणि ॲल्युमिनियम यांचा संचय. गवंड्याच्या लेखी तो चिरा, महसूल दप्तराच्या लेखी गौण खनिज, आणि ज्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, तो पसरला आहे ती जमीन सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा.

दप्तरातील या अर्थाने बाकीचे सर्व अर्थ गिळून टाकावेत, हे सर्वथा अनुचित होय. कारण कशेळीच्या सड्यावर प्राचीन मानवाने याच जांभ्याच्या कातळात एक प्रचंड हत्ती कोरला असून त्याच्या आकृतीच्या आत कित्येक पशुपक्षी आणि जलचर रेखले आहेत. उक्षी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, जांभरुण आणि देवाचे गोठणे येथील शिल्पांसह हा वारसा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाला. पोटखराबा म्हणून नोंदलेल्या जमिनीवर एवढे ऐश्वर्य नांदत असताना तिचे मोल केवळ चिऱ्यांच्या ब्रासावर ठरविणे म्हणजे ताम्रपट मोडीत घालण्यासारखे आहे.

खाणमालकाचा हक्क, मजुराची रोजी आणि घर बांधू पाहणाऱ्या सामान्य माणसाची निकड मला पूर्णतः मान्य आहे. पण चिरेखाण चार शेते पलीकडे सुरू करता येते; यंत्राच्या पात्याखाली गेलेली आकृती मात्र कायमची नाहीशी होते. म्हणून सड्यावर खाणीचा परवाना देण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा जाणकार, तलाठी आणि गावातील वडीलधारी मंडळी यांनी त्या कातळाची पायी पाहणी करावी, त्यासाठी पावसाने वाढलेले गवत सुकून कातळ उघडा पडण्याची वाट पाहावी, आणि शिल्प आढळल्यास त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात करून तेवढा भाग परवान्यातून वगळावा, अशी माझी जिल्हा प्रशासनास आग्रहाची विनंती आहे.