शेपटी बघून पिल्लाचं लिंग सांगू नका

दोन इंचांचं पिल्लू उलटं धरायचं, शेपटीवर एक नजर टाकायची आणि "मादी आहे, बिनधास्त घ्या" असं सांगून मोकळं व्हायचं, हे कासव विकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. दुकानदार एकटाच असं बोलतो असंही नाही. वर्षानुवर्षं कासव पाळणारी जाणती माणसंही छातीठोकपणे सांगतात: पोट सपाट तर मादी, खोलगट तर नर, शेपूट आखूड तर मादी, लांब तर नर, पुढच्या पायांची नखं वाढलेली दिसली की विषयच संपला. पिल्लाच्या बाबतीत हे सगळं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत कासवाला मोजावी लागते, असं माझं स्पष्ट मत आहे.

या खुणा खोट्या नाहीत, हे आधी मान्य करतो. पूर्ण वाढलेल्या कासवात त्या उपयोगी पडतात, कारण त्या समागमासाठीच असतात. नराला मादीच्या घुमटाकार पाठीवर चढून तोल सांभाळायचा असतो, म्हणून जमिनीवरच्या अनेक जातींत त्याचं पोटाकडचं कवच आत वळलेलं असतं. त्याची शेपूट जाड आणि लांब असते, आणि शेपटीखालचं छिद्र टोकाच्या बाजूला सरकलेलं असतं. घराघरांतल्या काचेच्या टाक्यांत दिसणाऱ्या रेड-इअर्ड स्लायडरचा नर पाण्यात मादीसमोर येऊन लांब नखं तिच्या तोंडाजवळ थरथरवतो. पण या गोष्टींची गरज लागते वयात आल्यावर, आणि त्या उमटतातही तेव्हाच. स्लायडर नराचं कवच साधारण 10 सेंटिमीटरचं होतं तेव्हा नखं आणि शेपूट बोलायला लागतात. मादीला वयात यायला आणखी काही वर्षं लागतात.

त्याआधी काय दिसतं? नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू हातावर उलटं ठेवून पाहा. पोटाच्या मधोमध पिवळ्या बलकाची पिशवी आत ओढली गेल्याची खूण असते. कवच अजून बोटाखाली दबतं. शेपूट तांदळाच्या दाण्याएवढी, एका बाजूला मुडपलेली. पोट सपाट. हे वर्णन नराचंही आहे आणि मादीचंही. म्हणजे मोठ्यांची कसोटी पिल्लांना लावली तर निकाल दर वेळी एकच येणार: मादी. जी कसोटी सगळ्यांना एकच उत्तर देते, ती कसोटीच नव्हे.

"वय बघून अंदाज येतो," हा पुढचा युक्तिवाद. तोही टिकत नाही. घरच्या टाकीत भरपूर खाणं आणि हिवाळ्यातही ऊब मिळालेलं पिल्लू रानातल्या पिल्लापेक्षा झपाट्यानं वाढतं. दोन वर्षांचं कासव म्हणजे नेमकं केवढं, हे खाण्यावर ठरतं.

अनुभवी नजरेचाही फार बडेजाव नको. इंग्लंडातला निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट 1780 पासून टिमोथी असं पुरुषी नाव असलेलं कासव सांभाळत होता. ते जमिनीत कधी शिरतं, कधी बाहेर येतं, याच्या नोंदी ठेवत होता, त्याचं वजन करत होता. 1793 मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी कासवही गेलं. लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयात ठेवलेलं त्याचं कवच मादीचं निघालं. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश जहाजावर असलेलं दुसरं टिमोथीही मादी असल्याचं 1926 मध्ये, पिल्लांसाठी जोडीदार आणला तेव्हा कळलं. ही तर मोठी कासवं होती. पिल्लाबद्दल तुमची-आमची नजर काय सांगणार?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. "आम्ही अंडी यंत्रात ठरलेल्या तापमानाला उबवली आहेत, आम्हाला माहीत आहे." यात तथ्य आहे. बहुतेक कासवांत लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडं कोणत्या उष्णतेत उबलं यावर ठरतं. सरपटणाऱ्या प्राण्यांतली ही गोष्ट मादलेन शार्निये यांनी 1966 मध्ये एका सरड्यात दाखवली. पुढे क्लोद प्यो यांनी ती कासवांत दाखवली. स्लायडरची अंडी 26 अंश सेल्सियसला उबवली तर नर, 31 अंशांना मादी, आणि 29 अंशांच्या आसपास दोन्ही. उबण्याच्या मधल्या टप्प्यात उष्णता वाढली की ॲरोमाटेज हे विकर सक्रिय होतं, नर संप्रेरकाचं मादी संप्रेरकात रूपांतर होतं आणि अंडाशय तयार होतं. म्हणजे लिंग अंड्यातच ठरलेलं असतं. पण ठरलेलं असणं वेगळं आणि बाहेरून दिसणं वेगळं. यंत्राचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्याला त्या घाण्याबद्दल भरवशाचा अंदाज बांधता येतो, तो यंत्राच्या नोंदीवरून. विकत घेणाऱ्याला ती नोंद कधी दिसते? वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा तिथेही पिल्लं मोजता येतात, नर-मादी बघून वेगळी करता येत नाहीत.

"सांगितलं चुकीचं, तर बिघडलं काय?" असं विचारणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. मादी नराशिवायही अंडी घालते. "नर" म्हणून वाढवलेल्या स्लायडरच्या काचेच्या टाकीत तिला माती कुठून मिळणार? ती अस्वस्थ होते, मागच्या पायांनी काच खरवडते, खाणं टाकते. घरच्यांना वाटतं, पोट बिघडलं. अंडी आत अडकतात, आणि वेळेवर एक्स-रे झाला नाही तर जीव जातो. दुसरीकडे "जोडी" म्हणून आणलेले दोन्ही नर निघाले तर ते एकमेकांना चावतात, दुबळ्याला खाऊ देत नाहीत. या जोडीच्या हौसेपायी स्टार कासवांचीही चोरटी विक्री होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार ते घरी ठेवणं गुन्हा आहे, मग ते नर असो की मादी.

मग करायचं काय? पशुवैद्याच्या कागदावर लिंगाच्या रकान्यात "अनिश्चित" लिहायचं. हे अज्ञान नव्हे, त्या वयाबद्दलचं ते अचूक उत्तर आहे. खरोखर निकड असेल तर भूल देऊन, मागच्या पायाच्या पुढे छोटा छेद घेऊन, दुर्बिणीनं मूत्रपिंडाजवळची जननग्रंथी बघता येते. पण हे काम सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव असलेल्या डॉक्टरचंच. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातलं एक प्रथिन शोधून पिल्लाचं लिंग ओळखून दाखवलं. ती अजून प्रयोगशाळेची वाट आहे. घरच्या कासवासाठी थांबणं पुरेसं आहे. दर महिन्याला कवचाची लांबी मोजा, शेपटीचा आणि पोटाचा फोटो काढून तारखेसह ठेवा. तोवर पिल्लू एकटं ठेवा. वाढलेल्या कासवाला कोरडी चढण आणि मागचे पाय पूर्ण खुपसता येतील इतकी खोल, ओलसर माती द्या. मादी निघाली तर ती माती तिला लागणार आहे. नर निघाला तर मातीनं त्याचं काही बिघडत नाही.