मूल्यांचा तास कोणता?

सत्य, स्वावलंबन, श्रम, सहकार्य हीं मूल्यें मुलांच्या अंगीं बाणावींत, याविषयीं शिक्षक आणि पालक यांच्यांत दुमत नाहीं. दुमत आहे तें मार्गाविषयीं. पुष्कळ शाळांत त्यासाठीं आठवड्यांतून एक तास राखून ठेवतात, गोष्ट सांगतात व तिचें तात्पर्य वहींत उतरवून घेतात. आमच्या मतें मूल्यांचा खरा तास तो नव्हे. तो गणिताचा व परिसर अभ्यासाचाच होय.

साधें उदाहरण घेऊं. ओल्या कापसावर मटकीचे दहा दाणे ठेवून रोज त्यांची नोंद करणें, हा पाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. सहाच दाण्यांना मोड आले तर वहींत सहाच लिहिणें, ही सत्यनिष्ठा. उरलेल्या चारांचें काय झालें हें विचारणें, ही जिज्ञासा. नवे दाणे घेऊन पुन्हां करून पाहणें, ही चिकाटी. शेजारच्या मुलाच्या नोंदीशीं आपली नोंद ताडून पाहणें, हें सहकार्य. अभ्यासाची वृत्ति आणि जीवनाचें मूल्य हीं येथें निराळीं काढतांच येत नाहींत. परंतु 'सर्व दाण्यांना मोड आले' एवढेंच उत्तर बरोबर मानून शिक्षकानें सहा लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापला, कीं आदल्या दिवशींचा सत्याचा धडा तेथेंच पुसला जातो.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं मांडलेल्या व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें आखून दिलेल्या मूलोद्योग शिक्षणांत हस्तव्यवसाय मध्यभागीं होता, व गणित, भाषा इत्यादि विषय त्याच्या अनुषंगानें शिकवावयाचे होते. सूत काततां काततां मूल तार मोजी, हिशेब करी, आणि श्रमाची किंमतही जाणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही अनुभवांतून शिकण्यावर भर दिला आहे.

घरचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. शाळेनें दिलेला 'प्रकल्प' रात्रीं आई रंगविते, वडील बाजारांतून तयार चित्रें आणून चिकटवितात, आणि सकाळीं मूल तो स्वतःचा म्हणून दाखवितें. हेतु प्रेमाचाच असतो. पण आपले हात कामाचे नाहींत, व दुसऱ्याचें काम आपलें म्हणून खपतें, अशा दोन गोष्टी मूल त्या एका रात्रींत शिकतें.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति, कीं 'किती गुण मिळाले?' याच्या आधीं 'यांतलें तूं स्वतः काय केलेंस?' असें मुलांना विचारावें. चित्र वांकडें झालें असेल तर तें तसेंच शाळेंत जाऊं द्यावें. आणि शिक्षकांनींही त्यास सुबक चित्रांच्या शेजारीं भिंतीवर जागा द्यावी.