वाद्यवृंदातील उपजीविका



बारावीनंतर मुलांनी काय करावे, या प्रश्नावर आपल्या घरांत फार चर्चा होत नाही. पेढी सांभाळावी, सी.ए. व्हावे किंवा अभियंता होऊन भोसरी-चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवावेत, हे मार्ग रुळलेले आहेत. निगडीच्या एका व्यापारी कुटुंबातील आईने मात्र मला वेगळाच प्रश्न विचारला : "काका, मुलगी नऊ वर्षे व्हायोलिन शिकते आहे. तिला वाद्यवृंदातच वाजवायचे आहे. यात पोट भरते का?" प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणून उत्तरही व्यवहाराच्याच भाषेत द्यावयास हवे.

संगीत आपल्या परंपरेला परके नाही. जैन आचार्य पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलशांचा 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे संगीतशास्त्रातील मान्यताप्राप्त ग्रंथ आहेत. परंतु विद्या निराळी आणि त्या विद्येवर संसार चालविणे निराळे.

पुण्यातील ज्येष्ठ व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून वाड्यावाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वादन केले. पुढे 'गीतरामायणा'त सुधीर फडके यांना त्यांनी साथ केली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी तंतुवाद्यांचा ताफा उभा केला. प्यारेलाल शर्मा हे त्यांचेच शिष्य. एकेका गीतासाठी डझनावारी व्हायोलिने वाजत आणि मोबदला पाळीच्या हिशेबाने मिळे. पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, एकच कीबोर्ड संपूर्ण ताफ्याचे काम करू लागला आणि त्या पाळ्या आटल्या. एकाच कंपनीच्या मागणीवर उभ्या असलेल्या चाकणच्या लघुउद्योजकाला या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदाची कथाही बोधप्रद आहे. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. तरीही अधिक शिक्षणासाठी त्यांना न्यूयॉर्क गाठावे लागले आणि 1955 मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले. पुत्र झुबिन हे 1954 मध्ये वैद्यकीय शिक्षण सोडून व्हिएन्नाला गेले, तेथे संचालनाबरोबर डबल बास हे तंतुवाद्यही शिकले आणि जगद्विख्यात झाले. मुंबईत व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद उभा राहण्यास 2006 साल उजाडावे लागले. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. त्यात परदेशी वादकच बहुसंख्य होते, कारण बालपणापासून शिस्तबद्ध शिक्षण मिळालेले भारतीय वादक थोडे होते. ती उणीव भरून काढण्यासाठी 2012 मध्ये तेथे अकादमी सुरू झाली.

हे शिक्षण साधारण सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होते. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या आठ परीक्षा उत्तीर्ण झाल्या की पालकांना शिखर गाठल्यासारखे वाटते. वास्तविक आठवी परीक्षा ही संगीत महाविद्यालयाच्या दाराची केवळ पायरी आहे. त्यानंतर चार ते सहा वर्षांचे शिक्षण आणि रोजचा कित्येक तासांचा रियाज. नामांकित वाद्यवृंदात जागा निघते ती कोणी निवृत्त झाले किंवा सोडून गेले तरच, आणि एका जागेसाठी शंभरांहून अधिक अर्ज येऊ शकतात. अनेक ठिकाणी उमेदवार पडद्याआडून वाजवितो. पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर गालिचाही अंथरतात. वशिल्याला आणि आडनावाला तेथे किंमत राहत नाही. निवडीनंतरही एक-दोन वर्षे उमेदवारीची असतात.

आता खर्चाचा विचार. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये 1928 पासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही, मात्र तेथे प्रवेश अत्यंत दुर्मीळ. इतरत्र जाण्यासाठी कर्ज काढायचे, तर साडेसात लाखांपुढे बँका साधारणतः तारण मागतात. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतात आणि खरी अडचण येथेच आहे. अभियंत्याला त्या वर्षात नोकरी लागते, वादकाला कायमची जागा मिळण्यास अनेक वर्षे लागू शकतात. म्हणून या मार्गासाठी कर्ज कमीत कमी आणि आधी साठविलेली पुंजी अधिकाधिक असावी. वाद्याचा स्वतंत्र विमा उतरवावा. पाळीवर काम करणाऱ्याला कोणी भविष्यनिर्वाह निधी देत नाही, तेव्हा पहिल्या बिदागीपासून पीपीएफचे खाते चालू ठेवावे. आणि अध्यापनाची तयारी आरंभापासूनच असावी, कारण जगभरातील असंख्य वादकांचा संसार शिकवणीच्या उत्पन्नावरच स्थिर राहतो.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उपस्थित होईल आणि तो व्हावाही. पूर्वी व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्यांच्या तातीच्या असत. आता कृत्रिम तंतूंच्या किंवा पोलादाच्या तारा सर्रास वापरतात. गजाला मात्र बहुधा घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि लाकूड जोडण्यासाठी पारंपरिक कारागीर प्राणिज सरस वापरतात. गजासाठी कृत्रिम केस मिळतात, परंतु व्यावसायिक वादकांत त्यांचा वापर अल्प आहे. वाद्य घेण्यापूर्वी हे सर्व विचारून घ्यावे आणि कुटुंबाने आपल्या विवेकाने निर्णय करावा. मुलीने दहा वर्षे साधना केल्यानंतर हा विषय काढणे तिच्यावर अन्याय ठरेल.

वाद्यवृंदात दोन वादक एका स्टँडपुढे बसतात. आतल्या बाजूचा वादक पाने उलटतो आणि विभागातील सर्वांचे गज एकाच दिशेने चालतात. बहुतेकांचे नाव श्रोत्यांना कधीच ठाऊक होत नाही. प्रसिद्धीच्या आशेने या वाटेस जाणाऱ्याची निराशाच होईल, सामूहिक कामात समाधान मानणाऱ्याला मात्र ती आयुष्यभर पुरते. आपल्या अपत्याचा पिंड यांपैकी कोणता, हे आईवडिलांनीच ओळखावे.

मुलाने नवे दुकान काढले, तर ते बसण्यासाठी आपण तीन वर्षे नुकसान सोसतो आणि त्यास भांडवल म्हणतो. मुलीच्या व्हायोलिनसाठी तेवढीच मुदत आणि तेवढेच भांडवल, तेही लेखी हिशेब ठेवून, देण्याची तयारी असेल तर होकार द्यावा. नसेल, तर तसे तिला आजच स्पष्ट सांगावे. तिला आशेवर झुलवत ठेवू नये.