दातावरचा पांढरा डाग आणि सरकारची जबाबदारी

आठवडी बाजारात अजूनही एखादा दातातली कीड काढणारा बसलेला दिसतो. दुखऱ्या दाताला धुरी देतो, नळी लावतो आणि वाटीतल्या पाण्यात पांढऱ्या अळ्या पाडून दाखवितो. भोवती गर्दी जमते. त्या माणसाशी आमचे भांडण नाही, तोही पोटासाठीच बसलेला असतो. परंतु त्या अळ्या दातातल्या नसतात, हे आंबेडकरी माणसाने तरी ओळखले पाहिजे. दातात किडा नसतोच. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण थरातील, म्हणजे इनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट झिरपून जाते. तेथे प्रथम खडूसारखा पांढरा डाग पडतो. खड्डा नंतर पडतो.

या डागाच्या टप्प्यावर दात दुरुस्त होऊ शकतो, हे आपल्या वस्तीत कोणी सांगत नाही. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट असते. त्याच्या जोडीला फ्लोराइड मिळाले की ती खनिजे डागात परत बसतात आणि तयार होणारा थर आम्लाला पूर्वीपेक्षा जास्त दाद देत नाही. दवाखान्यात फ्लोराइडचे व्हार्निश ब्रशने दातावर लावतात. सुई नाही, मशीन नाही, काम काही मिनिटांचे. साधारण सहा महिन्यांनी ते पुन्हा लावायचे. एकदा खड्डा पडला की मात्र फ्लोराइडने तो भरून येत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड तेथेच थांबविता येते, पण तो भाग काळा पडतो. हे औषध आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे.

मग आमच्या मुलांच्या वाट्याला फक्त दात उपटणे का येते? शहरातला सुखवस्तू बाप डाग दिसताच मुलाला घेऊन डॉक्टरकडे जातो. ऊसतोड कामगाराचे पोर गाल सुजेपर्यंत थांबते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतक्षयाचा समावेश आहे. पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत यायला हवे. ते तपासते, नोंद करते आणि पुढे पाठविते. पुढे म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण! त्यासाठी आईची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. दुखत नसलेल्या पांढऱ्या डागासाठी कोण जाईल? म्हणून व्हार्निश शाळेत, आश्रमशाळेत आणि वसतिगृहातच आले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

पण सरसकट नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंतची सूट आहे. त्यापेक्षा जास्त असलेले पाणी लहानपणापासून पोटात गेले की दातावर कायमचे डाग पडतात, हाडे वाकतात. तो डाग किडीचा नव्हे, फ्लोरोसिसचा. तेथे आधी पाणी बदला. 1927 साली महाडला पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावावा लागला. आज त्या गावांत नळाखाली हंडा लावायला कोणी अडवत नाही, पण हंड्यात काय पडते याचा अहवाल ग्रामपंचायतीत मागावा लागतो. तो मागा, लेखी मागा.

घरात करण्यासारखे आहे ते आजपासून करता येईल. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री बंद करा. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्राने 1992 साली बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर कोणता कायदा पोहोचणार? आयाबहिणींनीच ते मनावर घ्यावे. टूथपेस्टच्या नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापणे कायद्याने सक्तीचे आहे, ते वाचून घ्या. तीन वर्षांच्या आतील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मुलाने ती थुंकावी, गिळू नये.

आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेचे कलम 47 सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, असे सरकारी वकील लगेच म्हणतील. मात्र 1996 साली पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम 21 चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तो खटला रेल्वेतून पडलेल्या मजुराचा होता, दाताचा नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाताना त्याची प्रत सोबत ठेवावी. आपल्या गावच्या शाळेत पथक शेवटचे कधी आले, किती मुलांच्या दातांची नोंद झाली आणि त्यातील किती जणांना उपचार मिळाले, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत.