हाडाला परांची हवी, कणांचा हिशेबही हवा

अपघातात हाडाचा मोठा तुकडा गेला किंवा गाठ काढताना हाडाचा भाग कापावा लागला, तर ती पोकळी शरीर आपणहून भरून काढू शकत नाही. अशा वेळी बहुधा रुग्णाच्याच कमरेचे हाड थोडे काढून तिथे बसवतात. हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा मानला जातो. पण त्यासाठी शरीराला दुसरी जखम करावी लागते, तीही दुखते आणि काढता येईल असे हाड मोजकेच असते. म्हणून संशोधकांनी सिरॅमिकचा सच्छिद्र आधार तयार केला. आता त्यात नॅनोकण मिसळण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत.

इमारतीला परांची बांधतात, तसाच हा आधार. त्याच्या छिद्रांतून पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, नवे हाड धरते आणि आधार हळूहळू विरघळून जावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकी शास्त्रज्ञ लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये हाडाशी घट्ट जुळणारी काच बनवली, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला. आपल्याकडे कोलकाता आणि तिरुवनंतपुरम येथील सरकारी संस्थांनीही यात मोलाचे काम केले आहे. अडचण आहे ती सिरॅमिकच्या ठिसूळपणाची. छिद्रे वाढवली की पेशींची सोय होते, पण ताकद घटते.

निसर्गाने हा पेच केव्हाच सोडवला आहे. आपले हाड म्हणजे कोलॅजेनचे चिवट धागे आणि त्यांत रुतलेले खनिजाचे स्फटिक. हे स्फटिक अवघे काही नॅनोमीटर जाडीचे असतात; एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्यामुळे नॅनोकणांची कल्पना निसर्गाच्या वाटेनेच जाणारी आहे. झिर्कोनियाचे कण तडा पसरण्याला अडथळा करतात, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या कणांमुळे पेशींना चिकटायला अधिक पृष्ठभाग मिळतो आणि चांदीचे कण जंतूंना रोखतात.

मात्र ‘जितके जास्त तितके चांगले’ हा नियम इथे चालत नाही. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर तडा तिथूनच सुरू होतो. चांदीची मात्रा वाढली, तर जंतूंबरोबर हाडाच्या पेशीही मरतात. आणि आधार विरघळल्यावर कण जातात कुठे? कॅल्शियम फॉस्फेट शरीर पचवू शकते. झिर्कोनिया विरघळत नाही. प्रयोगशाळेत आधार किती दाब सहन करतो हे काही मिनिटांत कळते, पण या प्रश्नाच्या उत्तराला वर्षे लागतात.

ही भीती काल्पनिक नाही. धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. त्यातून झिजलेल्या कोबाल्ट आणि क्रोमियमच्या कणांनी आसपासच्या ऊतींना इजा केली होती. भारतातही तो अनेकांना बसवला होता. नंतर त्यांपैकी कित्येकांचा माग लागला नाही. तो दोष सिरॅमिकचा नव्हता, पण सूक्ष्म कण शरीरात सुटले की काय होते आणि नोंदी नसल्या की रुग्ण कसा वाऱ्यावर पडतो, हे त्यातून दिसले.

वैद्यकीय उपकरणांसाठी 2017 चे नियम देशात लागू आहेत. नॅनोकण असलेल्या आधाराला परवानगी देताना त्यांतील कण शरीरात किती काळ राहतात, कुठे साठतात, याचा दीर्घ अभ्यास मागितला पाहिजे. कोणाच्या शरीरात काय बसवले, याची राष्ट्रीय नोंदवही हवी आणि रुग्णाच्या हाती त्याच्या भाषेतले कार्ड हवे. संशोधनाचा वेग कमी करण्याची ही मागणी नाही. हाड जुळल्यानंतरही रुग्णाला वीस-तीस वर्षे जगायचे असते. तपासणीने निदान तेवढा लांबचा विचार करावा, एवढेच.