मेलेल्याच्या नावावर जमीन कुठवर?



संघटनेच्या कचेरीत जमिनीची कागदं घेऊन जी माणसं येतात, त्यांच्या सातबाऱ्यावर एक गोष्ट सारखी दिसते. जमीन कसतो नातू आणि नाव असतं आजाचं. आजाला जाऊन वीस-पंचवीस पावसाळे झाले. मधला बापही गेला. तलाठ्याकडं गेलं तर तो म्हणतो, "मयताचा दाखला आणा, मग वारस लावतो." ग्रामसेवकाकडं गेलं तर तो म्हणतो, "आमच्या रजिस्टरला नोंद नाय." म्हणजे सरकारच्या हिशोबात आपला आजा अजून जिता हाय. त्याच्या नावानं शेतसाऱ्याची पावती फाटते, पण तो कुठल्या कचेरीत येत नाही, तक्रार करत नाही. सावकाराला असाच खातेदार पाहिजे.

मोर्च्याची बातमी आत टाकून पहिल्या पानावर जन्म-मरणाच्या दाखल्याचा विषय घेतला, याला काही साथी हसतील. त्यांचं म्हणणं आम्ही मीटिंगमधे ऐकलेलं आहे. जमीन कसणाऱ्याची, कागद सरकारचा, आपण कागदाच्या मागं कशाला धावायचं? बोलायला बरं वाटतं. पण आपण जो कायदा हातात धरून लढतो तोच बघा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल तर ती परत मिळण्याचा रस्ता १९७५ च्या कायद्यानं केला. अर्ज कोणी करायचा? ज्याची जमीन गेली त्यानं, नाहीतर त्याच्या वारसानं. ज्याची गेली तो बहुतेक ठिकाणी आता राहिला नाही. मग उरला वारस. आणि वारसाला कचेरीत पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा नसतोच. म्हातारा मेला कधी, आणि तू त्याचा कोण?

एका गावची केस सांगतो. केस चालू आहे म्हणून गावाचं नाव घेत नाही. सावकारानं खत काढून दाखवलं, १९७३ सालचं, खाली म्हाताऱ्याचा अंगठा. पाड्यावरची माणसं म्हणाली, म्हातारा तर मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली गेला, भातकापणीच्या वक्ताला. मंग हा अंगठा कुणाचा? जमीन मेलेल्याच्या नावावर होती म्हणून अंगठाही मेलेल्याचाच लागला, तो कुणाचा तरी लावून घेतला. ही गोष्ट अख्ख्या पाड्याला ठाऊक होती. साहेब म्हणाले, कागद दाखवा. म्हाताऱ्याचा नातू आणि आमची दोन पोरं तालुक्याला किती खेपा मारून आली त्याचा हिशोब नाही. आज क्लार्क नाही, उद्या चावी नाही, परवा म्हणे दप्तर वाळवीनं खाल्लं. शेवटी एका गठ्ठ्यात नोंद सापडली. नाव, जात वारली, वय अंदाजे साठ, कारण ताप, आणि तारीख. खताच्या दीड वर्ष आधीची. सावकाराच्या वकिलानं त्या दिवशी पुढची तारीख मागून घेतली.

ती नोंद कुणी कधी केली, त्याला कसं सुचलं, ठाऊक नाही. त्याच पाड्यावरचे त्या साली गेलेले बाकीचे लोक त्या रजिस्टरात नव्हते. म्हणजे इथं नशीब उपयोगाला आलं. दर वेळी नशिबावर जमीन सोडता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण तो वेगळा सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. घरात जन्म किंवा मरण झालं तर घरच्या कर्त्या माणसानं कळवायचं. बाळंतपणाला सुईण असेल तर तिनंही कळवायचं असतं. नोंद झाली की कळवणाऱ्याला तिचा उतारा फुकट मिळाला पाहिजे, हे कलम १२ मधे लिहिलेलं आहे. त्या पहिल्या उताऱ्याला कुणी चहापाणी मागितलं तर देऊ नका. मुदत चुकली तर महिन्याच्या आत लेट फी भरून नोंद होते. महिना उलटला पण वर्ष झालं नाही, तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, २०२३ पर्यंत प्रतिज्ञापत्रही लागायचं. वर्ष उलटलं की २०२३ पर्यंत पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. म्हणजे वकील यायचा, कोर्टाच्या तारखा यायच्या आणि दर तारखेला मजुरी बुडायची. जे काम पंचायतीत एका सकाळी फुकट झालं असतं त्याला शेळ्या विकायची पाळी यायची. आणि हो, नोंद करायला विनाकारण नकार देणाऱ्या रजिस्ट्रारला पण दंड आहे, कलम २३; २०२३ पर्यंत तो पन्नास रुपयांपर्यंत होता. हा दंड कुणाला झालेला आम्ही तरी ऐकला नाही, पण कलमाचा नंबर तोंडावर म्हटला की कधीकधी रजिस्टर उघडतं.

दोष सगळा आपल्या आळसाचा, असं साहेब लोक म्हणतात. आपली माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात, शिमग्याला येऊन परत जातात, पाऊस लागायच्या तोंडावर घरी. पोर जन्मतं भट्टीवर, प्लास्टिकच्या झोपडीत. गावी आल्यावर ग्रामसेवक म्हणतो, जिथं जन्मलं तिथं नोंद करा. त्याचं बोलणं कायद्याला धरून आहे, नोंद जन्माच्या ठिकाणीच होते. पण तिथली पंचायत कुठं हे शेठ सांगत नाही. भट्टीवर एवढी माणसं राहतात हेच त्याला कागदावर नको असतं. मग ते पोर शाळेत जातं तेव्हा गुरुजी १ जून लिहून टाकतात. आमच्यातल्या अर्ध्याअधिकांचा जन्म १ जूनचाच आहे. सगळा पाडा एकाच दिवशी जन्मला म्हणायचा!

खरं तर दिवस आपल्याला पाठ असतो. सोम्या, मंगळ्या, बुधी, शुकऱ्या ही नावंच त्या वारावरून पडलेली. वार आपल्याकडं आहे, साल सरकारला पाहिजे. आणि नावाचा घोळ तर विचारू नका. सातबाऱ्यावर बुध्या, रेशन कार्डावर बुधा, मयताच्या नोंदीत बुधाजी. तलाठी म्हणतो ही तीन माणसं आहेत. कर्ज वसूल करताना मात्र तिन्ही मिळून एकच माणूस असतो. म्हणून नोंद करताना सातबाऱ्यावर जसं नाव आहे तसंच सांगा, आवडो न आवडो. लिहिणाऱ्याला वाचून दाखवायला लावा.

लग्नाच्या दाखल्याचं आणखी वेगळं आहे. आपलं लग्न धवलेरी लावते, सुवासिनी चौक लिहितात, पाडा साक्षीला असतो. काही जोडपी आधी संसार मांडतात आणि पैसा जमला की पोरंबाळं झाल्यावर लग्न लावतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिंदू विवाहाचा १९५५ चा कायदा आपल्याला लागू नाही, आपला रिवाज हाच आपला कायदा. सरकारदरबारी आपल्या लग्नाची नोंद नव्हती, पण सावकाराच्या वहीत ती बरोब्बर होती, कारण लग्नासाठी काढलेल्या पैशापायी माणूस लग्नगडी म्हणून राबायचा. वेठबिगारी कायद्यानं १९७६ साली बंद झाली. आता विधवा बाई वारस लावायला गेली की क्लार्क विचारतो, लग्नाचा दाखला कुठाय? आमचं म्हणणं असं की पाड्याच्या पंचांचा जबाब आणि रेशन कार्ड यावर तिचं नाव लागलं पाहिजे, आणि त्यासाठी आम्ही तहसीलवर बसू.

पण इथं सगळं तलाठ्यावर ढकलून चालणार नाही. कितीतरी ठिकाणी बाईचं नाव दिरानंच लावू दिलं नाही. "ती उद्या दुसरा नवरा करील, जमीन घेऊन जाईल," असं म्हणणारे आपल्याच सभेत पुढं बसतात. घोषणा पण जोरात देतात. नवरा असताना तिनं नांगराच्या मागं चालून लावणी केली तेव्हा ती घरची होती. आता वारसात तिचं नाव नको. आम्ही स्पष्ट लिहितो, ज्या घरात विधवेचं नाव गाळून वारसाचा अर्ज होईल, त्या अर्जाला संघटनेचा माणूस सोबत जाणार नाही.

फॉरेस्टच्या प्लॉटचं तर याहून नाजूक आहे. तिथं सातबारा नाहीच. दंडाच्या पावत्या हा पुरावा, आणि त्या बापाच्या नावाच्या. बाप गेल्याची नोंद नसेल तर पोरगा त्या पावत्या घेऊन उभा राहिला तरी साहेब विचारणार, तुझा काय संबंध?

एक गोष्ट जमिनीच्या बाहेरची, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीला पोरं मेली तेव्हा मंत्री आले, पेपरवाले आले. ज्या पोराचा जन्मच लिहिलेला नाही, ते मेलं तर कुठल्या रकान्यातून कमी करणार? ते सरकारला आलंही नाही आणि गेलंही नाही. आणि जिथं लिहिलं जातं तिथं कारण ताप. भुकेला रजिस्टरात रकाना नाही.

तर ठरलं आहे ते असं. दर पाड्यावर एक वही ठेवायची, शिकलेल्या एका पोरीनं किंवा पोरानं ती लिहायची. जन्म, मयत, लग्न, तारखेसकट, आणि दोन साक्षीदारांची नावं. ही वही म्हणजे सरकारी दाखला नव्हे, ती दाखवून कुठं काही मिळणार नाही. तिचा उपयोग एवढाच की आठवड्याच्या आत ग्रामसेवकाला लेखी कळवायचं राहू नये. कळवताना अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसेल तर पोस्टानं पाठवा. भट्टीवर जाणाऱ्या टोळीनंही एक वही सोबत न्यावी आणि उतरल्या उतरल्या तिथल्या पंचायतीचं नाव लिहून ठेवावं.

तहसीलदारांना निवेदन दिलं आहे. ग्रामसेवकानं महिन्यातून एक ठरलेल्या दिवशी रजिस्टर घेऊन पाड्यावर यावं. वर्ष उलटलेल्या मयतांसाठी तालुक्याला एकत्र कामकाज लागावं, एकेका माणसाला वकिलाच्या दारात जायला लागू नये. उत्तर आलं नाही तर पुढची तारीख याच पानावर छापू.

ज्यांच्या घरात जुना मयत नोंदायचा राहिला आहे त्यांनी बाजारच्या दिवशी कचेरीवर यावं. सातबारा, रेशन कार्ड, पावत्या, जे असेल ते आणा. आणि त्या मयताला गेलेली दोन म्हातारी माणसं सोबत आणा. कागद मागून आणला तरी चालेल, म्हातारी माणसं या पावसाच्या आधी आणा.