पाहुणा कलाकार

जुन्या टीव्ही व्हरायटी शोंचा फॉर्म्युला तसा एकदम सोप्पा. थोडे विनोद, थोडा नाच, आणि मध्येच होस्ट हात पसरून सांगणार की आज आपल्याकडे गायला पाहुणे आलेत! पाहुणे येणार, दोन गाणी म्हणणार, होस्टशी चार शब्द गोड बोलणार, की टाटा-बायबाय. लंच टाइममध्ये मोबाइलवर असले तुकडे बघायचं मला जबरदस्त व्यसन आहे. (डबा एका हाताने खाता येतो. प्रॅक्टिस लागते.)

यातला माझा लाडका म्हणजे नॅट किंग कोल. अमेरिकेतला काळा गायक, 50 च्या दशकातला स्टार. गोऱ्या होस्टच्या शोमध्ये पाहुणा म्हणून तो सगळ्यांना चालायचा. 1956 मध्ये एनबीसीने त्याला स्वतःचा शो दिला, म्हणजे पाहुण्याला यजमान केलं, आणि तिथेच गाडी अडली. देशपातळीवरचा एकही स्पॉन्सर मिळेना. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे यांच्यासारखी मोठी मंडळी दोस्तीखातर नाममात्र पैशांत गाऊन गेली. तरी डिसेंबर 1957 मध्ये शो बंद. ये, गा, जा. पण घर आपलं समजू नकोस, असा सगळा मामला.

तोच बेलाफॉन्टे 1968 मध्ये पेटुला क्लार्क या ब्रिटिश गायिकेच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा होता. तोही काळा, ती गोरी. गाता गाता तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. बस्स, एवढंच! स्पॉन्सर असलेल्या मोटार कंपनीच्या माणसाला ते झोंबलं. त्याचं म्हणणं, दुसरा टेक वापरा. पेटुला आणि तिचा नवरा दोघंही हट्टाला पेटले. त्यांनी बाकीचे टेक नष्टच करून टाकले, आणि तो हात लागलेलाच टेक घराघरांत दिसला.

नुसत्या स्पर्शावरून एवढं रामायण? हा प्रश्न निदान आपण विचारू नये. आपल्याकडे महाड आहे.

मुंबई-गोवा हायवेवरचं, पोलादपूरच्या अलीकडचं महाड. तिथलं चवदार तळं सगळ्यांसाठी खुलं करायचा ठराव नगरपालिकेने 1924 लाच केला होता. आमंत्रण अगदी रीतसर, पण कागदावर. पाण्याला हात लागायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये लागला.

आता दर 20 मार्चला तिथे तोबा गर्दी असते, आणि गर्दी म्हटली की गाणं आलंच. ही भीमगीतं टीव्हीच्या कृपेवर वाढलेली नाहीत. जलसे, कव्वालीचे सामने, लाउडस्पीकर, मग कॅसेट, असा त्यांचा प्रवास. प्रल्हाद शिंदेंचंच बघा ना. त्यांचा आवाज आमच्या सोसायटीच्या गणपतीत दहा दिवस वाजायचा. विठ्ठलाची गाणी तर सगळ्यांना पाठ. त्याच गळ्यातली भीमगीतं मात्र मी पहिल्यांदा ऐकली ती रस्त्यापलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या स्पीकरवर. आवाज तोच, फक्त गाणं बदललं की तो गायक आमच्याकडे पाहुणासुद्धा नसायचा! 2004 मध्ये ते गेले. मला ते जातीचं गणित कळायला त्यानंतरही काही वर्षं गेली.

विठ्ठल उमप आठवतात? ‘जांभूळ आख्यान’वाले. काय माणूस होता तो स्टेजवर! 2010 च्या नोव्हेंबरात नागपुरात ‘लॉर्ड बुद्धा टीव्ही’ या चॅनेलच्या उद्घाटनाला ते गेले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या माइकवर गायलेला शाहीर, आणि आता समोर आपल्या माणसांचं चॅनेल सुरू होतंय. त्याच मंचावर ते कोसळले आणि गेले. हा प्रसंग मी कितीदा तरी मनात उभा करून पाहिलाय. प्रत्येक वेळी घास अडकतो.

प्रल्हाददादांचा नातू आदर्श शिंदे आता टीव्हीवर सर्रास दिसतो. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या बाबासाहेबांवरच्या मालिकेच्या टायटल साँगमध्ये त्याचाच आवाज होता. पुढे ‘मी होणार सुपरस्टार, छोटे उस्ताद’मध्ये तो परीक्षकाच्या खुर्चीत होता. म्हणजे आता दुसरे गाणार आणि हा मार्क देणार. आजोबांच्या कॅसेट हातगाडीवरून विकत घेतलेल्या कुणाला तरी विचारा, त्या खुर्चीची किंमत काय ते.

तुम्ही तर गोव्याला जाताना महाडला चहाला थांबताच ना? एकदा 20 मार्चला थांबा, तळ्यापर्यंत चालत जा आणि गाणी ऐका. पार्किंग मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.